इभ्रामचाचांची नदी

इभ्रामचाचा कुणालाही "तुम्ही कुठले?" असं विचारायचे नाहीत. "कुठल्या पान्याचे?" असं विचारायचे. महाडच्या हायस्कुलात भूगोलाचा मास्तर म्हणून मी नवा रुजू झालो होतो आणि पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या गावी कुणाच्या तरी मुंजीला जायचं म्हणून त्यांच्या होडीत बसलो होतो. होडीनं काठ सोडला न सोडला तोच प्रश्न आला.

"मास्तर, कुठल्या पान्याचे?"

"पोलादपूरचा."

"पोलादपूर गाव झालं. पानी कुठलं?"

"सावित्रीच की. हीच वरून येते."

"सावित्री सरकारची. तुमच्या घरामागं काय बोलतात?"

मला चटकन आठवेना. मग आठवलं, सुतारकोंड. आई कोंडावर धुणं घेऊन जायची, म्हशी कोंडात बसायच्या, पुरात कोंड फुगायचा. सावित्रीचं नाव आईच्या तोंडी वटपौर्णिमेलाच यायचं, आणि ते काही नदीचं नसायचं. तसं मी सांगितलं. चाचांचं समाधान झालं. "हां. म्हंजे तुमी सुतारकोंडाचे," म्हणाले आणि वल्ह्याला लागले. त्यानंतर त्यांनी माझं आडनाव कधी विचारलं नाही.

उंच, सडसडीत माणूस. डोक्याला टोपी, कमरेला लुंगी आणि अंगात बारा महिने एक काळा जहाजी कोट. त्याची पितळी बटणं दोनच उरली होती, पण ती रोज घासलेली असायची. डाव्या कानाची पाळी भाजून आक्रसली होती आणि डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. त्या बोटांनी ते दोराला अशा गाठी मारायचे की आम्हा धड बोटांच्या लोकांना त्या सोडवता यायच्या नाहीत. जहाजावर ते सुकाणी होते, म्हणजे जहाजाचं चाक धरणारे. मोठमोठी जहाजं त्यांनी बंदरात नेली होती आणि आता दहा माणसांची होडी या काठाची त्या काठाला लावत होते. त्याचं त्यांना वाईट वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. "पानी तेच हाय, मास्तर," म्हणायचे. "थोडं हाय, येवढंच."

होडीत शीळ घालायची नाही, हा त्यांचा कायदा होता. शिळेनं वारा येतो, असं जहाजी लोक मानतात. एकदा आमच्या शाळेची तपासणी करायला आलेले साहेब पलीकडची शाळा बघायला निघाले. हवा छान होती, साहेबांचं पोट भरलं होतं. ते हळूच कुठल्या तरी गाण्याची शीळ घालू लागले. चाचांनी एक शब्द न बोलता होडी वळवली आणि परत आणून काठाला लावली. साहेब म्हणाले, "पोहोचलो?" चाचा म्हणाले, "तुमी पोचलात. होडी नाय पोचली." हेडमास्तरांनी चाचांना बाजूला घेऊन हातापाया पडेपर्यंत साहेब काठावर आणि होडी पाण्यात. शेवटी साहेब तोंड मिटून बसायला कबूल झाले. तपासणीचा शेरा आमच्या वाट्याला काय आला, ते इथं सांगण्यासारखं नाही.

पण त्यांची खरी खोड निराळीच होती. त्यांना 'अंदाजे' हा शब्द खपायचा नाही. कुणी सहज विचारलं, "चाचा, इथं पाणी किती हो?" तर ते होडी थांबवायचे, बांबू तळाला टेकवायचे, वर काढून ओल बघायचे आणि मग सांगायचे. काल त्याच जागी मोजलं असलं तरी पुन्हा मोजायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, काल दोन वाव होतं, आज किती असणार?" तर म्हणाले, "कालचं काल बोल्लो." अशा माणसाला पुढं साऱ्या महाडानं खोटारडा ठरवलं, आणि त्याची सुरुवात मी केली. हे मी आता सरळ लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि ते राहूनच जाईल.

दरवर्षी कापणी आटोपली की चाचा तीन दिवस होडी बांधून ठेवायचे, सुक्या बोंबलांचं गाठोडं पाठीला मारायचे आणि कुडपणला जायचे. पोलादपूरच्या वर डोंगरावरच्या पठारावर ते गाव. नाचणी-वरीवर जगणारं. तिथं एका महाडच्या मुसलमानाचं दरवर्षी काय काम, हे मला कळेना. मी विचारलं नाही. पण एका दिवाळीच्या सुट्टीत ते नुकतेच वरून आले होते, होडीत कुणी उतारू नव्हता, आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं.

कुडपणचा सखाराम त्यांच्या जहाजावर खलाशी होता. जहाजाच्या नोकरीचं पुस्तक पत्र्याच्या नळीत ठेवतात, म्हणून त्याला खलाशी लोक नळीच म्हणतात. सखारामला स्वतःची नळी मिळाली नव्हती. मुंबईत वारलेल्या एका माणसाची नळी घेऊन, त्याच्या नावानं तो जहाजावर चढला होता. असं तेव्हा पुष्कळ जण करायचे, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटायचं नाही. युद्धात विलायतेच्या पूर्व किनाऱ्याजवळ त्यांच्या जहाजावर बाँब पडला. भाजलेल्यांना आगगाडीनं पुष्कळ आत, एका खेड्यातल्या मोठ्या घरात केलेल्या इस्पितळात नेलं. चाचा आणि सखाराम, दोघांच्या खाटा शेजारी. सखाराम अकरा दिवस जगला. जाताना त्यानं चाचांकडून जबान घेतली. मला पुरू देऊ नको, जाळ आणि वाहत्या पाण्यात सोड. आणि घरी येसूला पाण्याचं नाव सांग, वाट बघू नको म्हणावं.

"मी तसंच केलं, मास्तर," चाचा म्हणाले. "मला ताप होता, तरी उठलो. इस्पितळातल्या बायांनी सगळं बघितलं, शहरात नेऊन जाळला. राख डब्यात दिली. तिथं बागेचं काम करनारा एक म्हातारा होता, त्याच पान्याच्या काठावर जल्मलेला. त्यानं मला काठावर नेलं. मी सख्याला सोडला. मग म्हाताऱ्याला नाव विचारलं. ग्रँटा, बोल्ला. मी तीनदा बोलून घेतलं."

"आणि गावाचं नाव?"

"गावाला पाटी नव्हती. टेशनाला पन नव्हती. दुश्मन उतरला तर त्याला कळू नये म्हणून पाट्या काढून ठेवल्या होत्या."

सरकारी कागद निघाला तो नळीवरच्या नावानं. तो माणूस आधीच मेलेला, त्याला ना घर ना दार, त्यामुळे कागद कुठंच पोहोचला नाही. सखारामच्या मरणाचा या जगात एकच पुरावा होता, तो म्हणजे इभ्रामचाचांचा शब्द. युद्ध संपल्यावर तो घेऊन ते कुडपणला गेले. सखारामची बायको येसू हिनं त्यांना पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि सगळं ऐकून विचारलं, ही नदी कुठं आहे? तलाठ्याला विचारलं, शाळामास्तरला विचारलं, कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी चाचा वर जायचे. येसू त्यांना जेवू घालायची, आणि ते त्या विषयावर आले की उठून गोठ्यात जायची. "नदी दाखवा, मग बोला," म्हणायची. कपाळाला कुंकू तसंच होतं.

"मी जबान दिली हाय," चाचा म्हणाले. "तिनं वाट बघायचं सोडलं पायजे. नायतर सख्या तिथं काठावरच बसलेला राहील."

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी आमच्या शाळेनं एक मोठा नकाशासंग्रह विकत घेतला. लाल पुठ्ठ्याचा, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा. त्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती आणि त्या किल्लीचा मला भारी माज होता. स्टँडासमोरच्या हाटेलात मी त्याची वर्णनं करायचो. एके दिवशी चाचा तिथं आले. बिनदुधाचा चहा मागवला, पण प्यायले नाहीत.

"मास्तर, तुमच्या नकाशात विलायतेच्या नद्या असतील?"

"चाचा, त्यात नाही असं पाणी जगात नाही."

"मग एक नदी काढून द्या. कुडपनला दाखवायची हाय. उद्या शाळा सुटली की येतो तिकडं."

"शाळेत कशाला? इथंच आणतो की."

इथंच का, तर इथं चार माणसं होती. रिकाम्या वर्गात एका होडीवाल्याला नदी दाखवून माझी काय शोभा होणार होती?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बगलेत मारून गेलो तेव्हा चाचा आधीच येऊन बसले होते. दाढी केलेली, बटणं घासलेली. त्यांनी टेबल पुसून घेतलं आणि घरून आणलेलं धुतलेलं फडकं त्यावर अंथरलं. कशेडी घाटातून ट्रक घेऊन आलेले तीन-चार ड्रायव्हर, हाटेलवाला, बाजाराला खाली उतरलेला कुडपणचा एक माणूस, सगळे भोवती जमले. मी मागची सूची उघडली, बोट फिरवलं. ग्रँटा नव्हतं. पुन्हा फिरवलं. मग इंग्लंडचं पान उघडून एकेक नदी मोठ्यानं वाचू लागलो. थेम्स, सेव्हर्न, ट्रेंट, ऊझ. बारीक अक्षरातल्यासुद्धा वाचल्या. कॅम हे नावही मी त्या दिवशी वाचलं होतं, मला पक्कं आठवतं. प्रत्येक नावाला चाचा मान हलवत होते. "नाय. ती नाय."

नावं संपली. एक ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, तुमी ग्रँट रोडला उतरला असाल. विलायत पुढच्या टेशनला होती."

हाटेल हसलं. मीही हसलो. आणि मग वर्गात वापरतो त्या आवाजात म्हणालो, "चाचा, अशी नदी इंग्लंडात नाही. गावाला नाव नाही, स्टेशनाला नाव नाही, आणि नदीला तेवढं आहे होय?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "नकाशात नाय का इंग्लंडात नाय?"

"एकच ते," मी म्हणालो.

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, ते असं. सुतारकोंड कुठल्या नकाशात आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. त्या कोंडाचं पाणी पिऊन मी वाढलो होतो. चाचांनी पुस्तक दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिलं, फडक्याची घडी केली आणि ते निघून गेले.

महिनाभरानं मी बाजारातून येत होतो. कासाराच्या दुकानातून एक बाई उठली आणि आडवी आली. पस्तिशीची असेल. दोन्ही हातात कोपरापर्यंत नवा हिरवा चुडा.

"तुमीच का ते नकाशाचं मास्तर?"

मी हो म्हणालो. तिनं रस्त्यातच वाकून पायाला हात लावला. ती येसू होती. हाटेलातल्या त्या कुडपणच्या माणसानं बातमी त्याच दिवशी डोंगर चढवली होती.

"तुमी बोल्लात म्हनून उलगडा झाला," ती म्हणाली. "नदीच नाय, तर मानूस कुठं सोडतील? जिता हाय तो. तिकडं मडमेसंगं ऱ्हात असंल. असूंदे. जिता हाय ना."

तिनं कमरेची पुरचुंडी सोडून माझ्या हातात दिली. वऱ्याचे तांदूळ होते, तिच्या शेतातले. खरं तर तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं की बाई, मी फक्त एक पुस्तक बघितलंय. पण तिच्या तोंडावरचा आनंद बघून माझी जीभ रेटली नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं बरंही वाटत होतं. ते तांदूळ आम्ही चतुर्थीला खाल्ले.

त्या वर्षी चाचा कुडपणला गेले ते दुसऱ्या दिवशीच परत आले. येसूनं जेवायला वाढलं होतं, आग्रह केला होता आणि हात जोडून सांगितलं होतं, "इभ्रामभाऊ, आता ते बोलू नगा." पुढच्या वर्षापासून ते स्वतः गेले नाहीत. बोंबलांचं गाठोडं कुणाबरोबर तरी पाठवून द्यायचे.

महाडात त्यांचं नाव ग्रँट रोड पडलं. उतारू काठावरून हाक मारायचे, "ओ ग्रँट रोड, येताय का?" चाचा येत. भांडले नाहीत, चिडले नाहीत. त्यापेक्षा चिडले असते तर बरं झालं असतं. शीळ घालणाऱ्याला ते आता काही बोलत नसत. नव्या उतारूला "कुठल्या पान्याचे?" विचारणं त्यांनी बंद केलं. एकदा कुणीतरी पाणी किती म्हणून विचारलं आणि त्यांनी बांबूला हातही न लावता सांगितलं, "असंल दोन वाव." मी होडीत होतो. ऐकून दुसरीकडे बघितलं.

आणि मग त्यांनी एक दिवस मला विचारलं. पाऊस उघडला होता, होडीत आम्ही दोघंच होतो. "मास्तर, तुमी शिकलेले. तापात मानसाला खोटं दिसतं का?"

"काय खोटं?"

"पानी. म्हातारा. डबा. मला ताप होता ना. सख्याला मी सोडलाच नसंल, तापात दिसलं असंल, असं व्हतं का?"

आता माझ्याकडे दुसरी संधी होती. मला एवढंच म्हणायचं होतं की चाचा, मला ठाऊक नाही. पण मला ठाऊक नाही म्हणायची आम्हा मास्तरांना सवय नसते. मी मोठ्या समजूतदारपणे म्हणालो, "युद्धात असं होतं, चाचा. त्यात तुमचा काही दोष नाही."

त्यांनी मान डोलावली. माझं बोलणं ते खरं मानून चालले, याचं मला अजूनही वाईट वाटतं. माझ्या शब्दावर त्या माणसानं स्वतःचे डोळे खोटे धरले.

अशी सहा वर्षं गेली. उन्हाळ्यात मास्तरांसाठी पुण्याला एक वर्ग होता, त्याला मी गेलो. दुपारी उकाड्यात वाचनालय तेवढं गार असायचं, म्हणून मी तिथं बसायचो. एका जुन्या जाडजूड भौगोलिक कोशात मी इंग्लंडच्या कालव्यांची माहिती बघत होतो, परीक्षेला येईल म्हणून. पानं उलटताना कॅम नदी लागली. तिच्याखाली लिहिलं होतं की या नदीचं जुनं नाव ग्रँटा. नकाशात पुढं दुसरं नाव रूढ झालं, पण वरच्या अंगाला काठावरची माणसं अजूनही जुन्याच नावानं तिला ओळखतात.

मी ते चार वेळा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. त्या म्हाताऱ्या माळ्यानं आपल्या घरामागचं नाव सांगितलं होतं, आणि चाचांनी तेच विचारलं होतं. दोघांनी एकमेकांना बरोबर ओळखलं होतं. न ओळखणारा मीच होतो. मी आत जाऊन तेवढा उतारा मराठीत उतरवून घेतला, वर्ग अर्धा टाकला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं महाडला आलो.

चाचा होडीला डांबर लावत होते. मी कागद वाचून दाखवला. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचला. मग त्यांनी कागद घेतला आणि चिकटलेल्या बोटांचा हात त्यावर ठेवून बराच वेळ बसले.

"म्हंजे मी तिथं होतो," म्हणाले.

"होतात, चाचा."

"हे पुस्तक कधीचं?"

"जुनं आहे. माझ्या जन्माच्या आधीचं."

"म्हंजे त्या दिवशी पन हे लिवलेलं होतं."

"होतं."

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. मी बरंच बोललो. माफी मागितली. मग म्हणालो की येसूला आता हे कशाला सांगायचं? ती सुखात आहे, चुडा भरते, राहू दे की तशीच. हे मी तिच्यासाठी म्हणत होतो का माझ्यासाठी, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

चाचा म्हणाले, "मी सख्याला जबान दिली हाय. तुमी कुनाला दिली नव्हती, तरी बोल्लात. आता तुमी पन चला."

पहिल्या दिवशी एस.टी.नं पोलादपूरला गेलो, रात्र माझ्या घरी काढली. पहाटे चढायला लागलो. चाचांना आता दम लागत होता, दर वळणावर ते थांबायचे, पण मी पुढं केलेला हात त्यांनी घेतला नाही. दुपारी कुडपणला पोहोचलो. येसू अंगणात वरी पाखडत होती. केस बरेच पिकले होते. आम्हा दोघांना बरोबर बघून तिनं सूप खाली ठेवलं. तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिनं पाणी आणायला वेळ लावला.

मी सांगितलं. शक्य तितक्या थोड्या शब्दांत सांगितलं. कागद तिच्यापुढं ठेवला. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यात त्याचं नाव हाय?" तिनं विचारलं.

"नाही. नदीचं आहे."

ती कागदाकडे बघत राहिली. घरातून दीर-जाऊ बाहेर आली आणि दाराशीच उभी राहिली. मग येसू चाचांकडे वळून म्हणाली, "सांगा, भाऊ."

त्या पहिल्या भेटीनंतर, सतरा-अठरा वर्षांनी, तिनं त्यांना पुन्हा सगळं बोलू दिलं. चाचा सांगत होते आणि ती मधे मधे विचारत होती. दुखत व्हतं का? खात काय व्हता? आपल्यातलं कुनी बोलायला व्हतं का, का तुमीच? शेवटी तिनं विचारलं, "पानी व्हातं व्हतं का?"

"व्हातं होतं, वैनी. हळू जात होतं, पन जात होतं. काठाला हिरवं गवत होतं. पांढरी मोठी बदकं होती. ती बाजूला झाली."

"थंड असंल."

"थंड होतं."

तिनं मान डोलावली. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं तेव्हा चाचा बोलायचे थांबले. कुणी रडलं नाही. मी म्हणालो, "बाई, माझी मोठी चूक झाली. मी तुम्हाला सहा वर्षं फसवलं."

येसू म्हणाली, "चूक कसली, मास्तर. ती सा वरसं माजी बरी गेली."

मी चाचांकडे बघितलं. ते मान खाली घालून आपली चिकटलेली बोटं चोळत होते. त्यांची सहा वर्षं कशी गेली, हे तिथं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू जावेबरोबर गावच्या ओढ्यावर, वहाळावर गेली. आम्ही पुरुष माणसं अंगणात पाठ करून बसलो. दगडावर काच फुटल्याचा आवाज येत होता. तो थांबला असं वाटायचं आणि पुन्हा यायचा. परत आली तेव्हा तिचं कपाळ मोकळं होतं आणि हातात एका फडक्यात बांधलेल्या काचा होत्या. तिनं ते गाठोडं चाचांच्या ओंजळीत ठेवलं.

"त्याला तुमीच सोडलात, भाऊ. हे पन सोडा. हितला वहाळ आटतो, खाली मोठ्या पान्यात सोडा."

चाचा "हां" म्हणाले. उतरताना ते गाठोडं त्यांनी कोटाच्या आतल्या बाजूला धरलं होतं. वाटेत मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी शिवी दिली असती किंवा जाऊ दे मास्तर म्हणाले असते, दोन्ही मला चाललं असतं. ते वाटेवरचे दगड बघत उतरत राहिले. एस.टी.त ते ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, शेजारी कोट काढून ठेवला, आणि मी मागं उभा राहिलो.

महाडला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. चाचा घरी न जाता सरळ काठावर गेले. मी मागोमाग. त्यांनी गाठोडं फळीवर ठेवलं, दोर सोडला. मी होडीत पाय टाकायला पुढं झालो.

"तुमी नको, मास्तर," ते म्हणाले. रागानं म्हणाले नाहीत. कुणाला पायरी चुकू नये म्हणून सांगावं, तसं म्हणाले.

मी पाय मागं घेतला. होडी मध्यापर्यंत गेली. तिथं त्यांनी वल्ही आत घेतली, टोपी नीट केली, फडकं सोडलं आणि एकेक काच दोन बोटांनी उचलून पाण्यात सोडू लागले. मूठभरून टाकत नव्हते. प्रत्येक वेळी त्यांचे ओठ हलत होते. ते दुवा मागत होते, की सखारामशी बोलत होते, की आणखी काही, ते काठावरून ऐकू येण्यासारखं नव्हतं. काचा पुष्कळ होत्या. पलीकडच्या काठावरून कुणीतरी होडीसाठी हाक मारली, "ओ ग्रँट रोड!" चाचांनी मान वर केली नाही. पुन्हा हाक आली. मला त्या माणसाला ओरडून गप्प बस म्हणायचं होतं, पण ते नाव माझ्यामुळेच त्याच्या तोंडात आलं होतं.

होडी परत काठाला लागायच्या आत मी तिथून निघून आलो.